एर्नाच्या खिडकीखाली एक मे

आयझेनग्राबेन, कारखान्याकडचा काठ
४ मे

तीर्थरूप हेडीताईस,

धाकट्या फेर्डिनांडचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाच आता वाकत नाहीत, उरलेल्या तिन्हींचा गोड मानून घे.) तुझ्या कंबरेचं ऑपरेशन नीट झालं आणि तू काठी घेऊन गोठ्यापर्यंत जाऊन येतेस असं तुझ्या फ्लोरियनकडून कळलं. बरं वाटलं. पत्र बघून दचकू नकोस. नाताळचं कार्ड सोडून मी तुला आजवर काही लिहिलेलं नाही हे मला ठाऊक आहे, आणि तू राहतेस ती नदीच्या पलीकडे, आमच्या स्वयंपाकघरातून तुझ्या धुराड्याचा धूर दिसतो इतकी जवळ. तरी हे पत्र आधी ग्राझला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि मग परत येऊन आपल्याच पुलावरून तुझ्याकडे पोचेल. फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि तुला ऐकू येत नाही, मग दोघांनी धरून ठेवायचं काय?

माझ्या एर्नाचं बरं नाही. बरं नाही म्हणजे ती चालली आहे, ताई. डॉक्टरांनी मला तिच्या हृदयाचं चित्र दाखवलं आणि म्हणाले, झडप झिजली आहे, वय झालं. मी विचारलं, सुटा भाग मिळत नाही का? आमच्या भट्टीला जन्मभर मिळत होता. ते हसले, मीही हसलो, आणि बाहेर येऊन गाडीत बसलो तर मला गाडी कशी सुरू करतात तेच आठवेना. आता ती दिवसभर खिडकीशी पलंगावर असते. सूप भरवतो, उशा लावतो, केस विंचरतो (वाईट विंचरतो, ती म्हणते की मी माझा पितळी ट्यूबा पुसतो तसे पुसतो). हे सगळं मला जमत नाही आणि दुसऱ्या कोणाला करू द्यायचंही नाही.

तर एक मेची हकिकत. तुझ्या कानावर आलीच असेल, पण ती फ्लोरियनच्या तोंडून, म्हणजे पलीकडच्या बाजूची. पलीकडची बाजू नेहमी अर्धीच खरी असते (हे आपल्या वडिलांचं वाक्य, मी फक्त जन्मभर वापरलं). झालं असं की मार्चअखेर एका दुपारी सूप भरवत असताना एर्ना म्हणाली, "फेर्डल, या एक मेला पहाटे बँड आपल्या खिडकीखाली वाजला पाहिजे. पुरता बँड हं. तुम्हा तिघांचं ते नको." मी म्हटलं, ठीक आहे. तिने आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. एकदा शिवणयंत्र मागितलं होतं, ते मी आणलं. एकदा थोडा वेळ गप्प बसायला सांगितलं होतं, ते काही जमलं नाही.

आता आमच्या कामगार बँडची अवस्था तुला कशी सांगू? आपल्या लहानपणी एक मेच्या पहाटे बँड गल्लीगल्लीतून लोकांना उठवत निघायचा तेव्हा पुढचा माणूस पुलाशी पोचलेला असायचा आणि शेवटचा अजून कारखान्याच्या फाटकात बूट बांधत असायचा. काही मेले, काही व्हिएन्नाला मुलांकडे गेले, काहींची फुप्फुसं भट्टीने खाल्ली. उरलो आम्ही तिघं. मी ट्यूबावर. क्लॅरिनेटवर पोल्डल, ज्याची नवी कवळी वरच्या सुराला सुटून येते. आणि मोठ्या ढोलावर म्हातारा रेश, ज्याला ढोल पेलत नाही म्हणून तो बागेतल्या ढकलगाडीत ठेवून वाजवतो, आणि वाजवायला दोन्ही हात लागतात म्हणून गाडी उतारावर आपली आपण जाते. चाल वाजवणारा कोणीच नाही. आम्ही आमच्या अंगणात तालीम केली तर एर्नाने आतून विचारलं, "कपाट हलवताय का रे? जपून, फरशी फुटेल."

म्हणजे माणसं उसनी आणायला हवी होती. आणि आपल्या खोऱ्यात माणसं उसनी मिळतील असा दुसरा बँड एकच, तो वरच्या गावचा, तुमच्या काळ्यांचा, म्हणजे चर्चवाल्या शेतकरी पक्षाचा, आणि त्याचा म्होरक्या माझाच भाचा. मी स्वच्छ कॉलर घालून पूल ओलांडला. त्यांच्या तालमीच्या खोलीत पाय ठेवणारा आपल्या घरातला मी पहिला लाल, कामगार पक्षाचा माणूस असेन. आत भिंतीवर क्रूस, त्याखाली शेतकरी संघाचं कॅलेंडर, आणि कोनाड्यात पाद्रीबुवांचा फोटो, जो माझ्याकडे असा बघत होता की मी चांदी चोरायला आलोय. फ्लोरियन उठून उभा राहिला. "फेर्डलमामा! बसा आधी. मामी बऱ्या आहेत ना?" पोरगा गुणी आहे, ताई, तुझ्यावर गेला आहे, दाजींवर नाही (दाजींच्या आत्म्याला शांती लाभो, त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं ठरवून मी बसलो आहे). मी एर्नाची इच्छा सांगितली, तो लगेच हो म्हणाला. पण त्याची माणसं! एक म्हणाला, एक मेला आम्ही वाजवलं तर आमचा बाप थडग्यातून उठेल. दुसरा म्हणाला, वाजवू, पण कामगारांचं गाणं नाही. मी म्हटलं, मग देवाचंही नाही. तिसरा म्हणाला, लाल फूल कोटाला लावणार नाही. मी म्हटलं, मग ती पिसांची हिरवी टोपीही घालायची नाही. झालं! गाण्यावर ते नमले असते, पण टोपीवर खोलीत अशी शांतता पसरली की मला माझी उरलेली फुप्फुसं ऐकू येऊ लागली. कुठलासा जाडजूड शेतकरी म्हणाला, "टोपी आम्ही फक्त परमेश्वरापुढे काढतो, फेर्डिनांडराव. तुमची एर्ना चांगली बाई आहे, पण तेवढी नाही."

कोणा परक्याला वाटेल, टोपीवरून एवढं काय? तुला वाटणार नाही. आपल्याकडे माणूस डोक्याने नाही, टोपीने मत देतो. गेल्या शरदात ग्राझच्या विद्यापीठातली एक मुलगी प्रश्न विचारत घरोघर फिरत होती, आमच्याकडेही आली. लोक आपापल्या पक्षाला मत का देतात ते त्यांना शोधायचं होतं. तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही पक्षाचा जाहीरनामा वाचलात?" मी म्हटलं, बाळ, मी बायकोचा तरी कुठे वाचला होता. मग म्हणाली, एक रेघ समजा, या टोकाला डावे, त्या टोकाला उजवे, तुम्ही कुठे बसाल? मी म्हटलं, नदीच्या या बाजूला. ती बिचारी पेन्सिल चावत राहिली. तिला काय सांगणार? आपण लाल सुईणीच्या हातावर जन्मलो, लाल बालवाडीत शी-शू शिकलो, लाल मंडळाबरोबर डोंगर चढलो (तोच डोंगर काळे दुसऱ्या वाटेने चढत, आणि शिखरावर एकमेकांकडे पाठ करून डबा खात). गाडी बंद पडली तर लाल मोटार क्लब, म्हातारे झालो तर लाल पेन्शनर संघ, आणि मेलो की लाल दहन मंडळ आपल्याला जाळणार. तुम्हा काळ्यांना पुरतात. म्हणजे मेल्यावरही चुकून शेजार व्हायला नको. यात मत कुठल्या दिवशी ठरलं ते मी कसं सांगू? एर्नाने त्या मुलीला केकचा तुकडा दिला आणि म्हणाली, "याला जाहीरनामा विचारू नकोस गं. याला विचार, सख्ख्या बहिणीच्या लग्नाला का गेला नाही ते." मुलीने ते लिहून घेतलं नाही. तिच्या कागदावर त्याला चौकट नव्हती.

तर टोपी. फ्लोरियनने तोडगा काढला. आपल्या खोऱ्यात एकच गोष्ट अशी आहे जिला रंग नाही, ती म्हणजे अग्निशमन दल, कारण आग दोन्हीकडे लागते. पहाटे पावसाचा अंदाज आहे असं समजून सगळ्यांनी दलाचे रेनकोट घालायचे आणि रेनकोटांना शिवलेल्या टोप्या डोक्यावरून ओढून घ्यायच्या. खाली पिसं आहेत की फूल आहे हे ज्याचं त्याला माहीत. आणि चाल कुठली? लग्नात वाजवतात ती नाचाची पोल्का, कारण लग्न लाल असो की काळं, तिसऱ्या पेल्यानंतर दोन्हीकडे तीच वाजते. (तुझ्या लग्नात ती आमच्या बाजूने वाजली नाही. वडिलांनी त्या दिवशी सगळी वाद्यं कामगार भवनात ठेवून कुलूप लावलं होतं. मी दिवसभर त्या कुलपाशी बसून होतो आणि तुमच्या चर्चची घंटा ऐकत होतो.)

एक गोष्ट राहिली होती, ट्रंपेट. वरच्या गावात ट्रंपेटवाले दोन, एकाच्या ओठाला पुळी, दुसरा गाईच्या बाळंतपणात. आणि या काठावर खरं ट्रंपेट एकच जण वाजवतो, तो आमचा मुलगा गेर्नोट. तुझा भाचा निळा झाला, त्या कडव्या राष्ट्रवाद्यांच्या पक्षात गेला, हे तुला ठाऊक असेलच, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, त्याने गाडीच्या काचेवर चिकटवलं आहे. पूर्वी निदान भांडण दोन काठांचं होतं, मधे नदी होती. आता ते माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं, सूप आणि ब्रेडच्या मधे. नाताळात मी त्याला म्हटलं होतं की तुझ्या आजोबाने ज्यांच्याविरुद्ध मूठ उगारली त्यांच्या मागे तू चालतोस. तो म्हणाला, आजोबांची मूठ मला दिसत नाही, मला व्हिएन्नाच्या तुमच्या शहाण्यांचं बोट दिसतं, हे खाऊ नको, असं बोलू नको, ती गाडी चालवू नको. तो उठून गेला, ट्रंपेट खुंटीवर टांगलं, आणि तेव्हापासून तो आईला भेटायला यायचा तो मी पेन्शनर संघात गेलेला बघून. मला पायरीवरच्या चिखलावरून कळायचं. मी तो पुसायचो नाही.

मी त्याच्याकडे गेलो. तो गॅरेजमध्ये गाडीखाली होता, फक्त बूट दिसत होते. मी बुटांशी बोललो. आईची इच्छा सांगितली, काळे येणार आहेत तेही सांगितलं. खालून आवाज आला, "म्हणजे काळे चालतात. त्यांच्यासाठी तुम्ही पूल ओलांडलात. माझ्याकडे यायला मात्र आई मरायला टेकावी लागली."

मी बुटांशी पडलेला पाना गाडीखाली सरकवला.

"कारखान्याच्या फाटकात हल्ली कोण येतं माहितेय, बाबा? ते येतात. नावाने हाक मारतात. तुमचे येतात ते फोटो काढून जातात. माझ्या हाताला ग्रीसचा वास येतो तो त्यांच्यापैकी एकाने तरी घेतलाय का?"

मी म्हटलं, "माझ्याही हाताला तोच येतो रे. अजून जात नाही."

खाली पाना ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आईसाठी वाजवीन. तुमच्यासाठी नाही. आणि शरदातल्या निवडणुकीत मत कोणाला द्यायचं ते माझं मी बघीन." मी बुटांना म्हटलं, बघ. आणि निघालो. वाटेत पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिलो, दम लागला म्हणून. (दम लागला नव्हता.)

एक मे उजाडला तो लख्ख. ढगाचा पत्ता नाही. आणि त्या स्वच्छ उजेडात अग्निशमन दलाच्या रेनकोटातली तीसेक माणसं डोक्यावर टोप्या ओढून आमच्या गल्लीत धावत शिरली, कारण रेशची ढकलगाडी उतारावर सुटली होती आणि सगळे ढोल पकडायला पळत होते. शेजारच्या पिखलमायरबाईंनी खिडकीतून हे पाहिलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. त्या झग्यावर, एका काखेत मांजर आणि दुसऱ्या काखेत दुलई घेऊन बाहेर आल्या आणि ओरडू लागल्या. त्यांच्यामागे अर्धी गल्ली अंगणात आली. एका गृहस्थाने तर नळी आणून पाणी सोडलं, आमच्यावरच, म्हणजे रेनकोट निदान वाया गेले नाहीत. त्या चिखलात फ्लोरियनने हात वर केला आणि पोल्का सुरू झाली.

ताई, काय वाजवलं! पोल्डलची कवळी पहिल्याच ओळीत सुटली आणि त्याने ती खिशात टाकून बाकीचं नुसत्या हिरड्यांनी वाजवलं. तो जाडजूड शेतकरी माझ्या शेजारी ट्रोम्बोन घेऊन होता, त्याची दांडी दर ताना-पलट्याला माझ्या कानापाशी यायची, मी सरकलो नाही. आणि गेर्नोट. तो मागे, आमच्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा होता, कोणात न मिसळता, पण ट्रंपेट वर उचललं आणि ती चाल अशी निघाली की पिखलमायरबाईंनी मांजर खाली ठेवलं. ट्यूबा तोंडासमोर असल्यामुळे मला काहीच दिसत नव्हतं, खिडकी नाही, एर्ना नाही. मी फक्त उम्-पा, उम्-पा करत होतो आणि डोळ्यांतलं पाणी नळीचं आहे असं सगळ्यांना वाटत होतं, ते बरंच झालं. नंतर रेशने सांगितलं की ती उशांना टेकून बसली होती आणि दोन्ही हात हलवत होती, एकेकाकडे बघून.

मग सगळे स्वयंपाकघरात. जर्दाळूची दारू, खसखशीचा केक, ओले रेनकोट. पाच मिनिटं सगळे गोड, मग कोणीतरी पेन्शनचा विषय काढला आणि काळे, लाल, निळे सगळे एकदम ओरडू लागले. मी दार लावायला गेलो तर एर्ना आतून म्हणाली, "उघडं राहू दे. सगळे घरात आहेत असं वाटतं." जाताना तो जाडजूड शेतकरी तिच्या दाराशी थांबला आणि त्याने टोपी काढली. कोणी बघत नाही असं त्याला वाटलं. मी बघितलं.

असो, फार लांबलं. तू कंबर जप, ओल्या अंगणात जाऊ नकोस. घरातल्या मोठ्या फोटोंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, गाईंना आठवण आणि तुमच्या पाद्रीबुवांनाही (सगळ्यात शेवटी) माझा रामराम सांग.

तुझा धाकटा भाऊ,
फेर्डल

ता. क. एक गोष्ट लिहायची टाळली होती, पण आता लिहितो. सगळे गेल्यावर मी आत गेलो, छाती फुगवून. म्हटलं, कसं वाजलं? ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा विचारलं. तिने उशीवरून डोकं उचललं आणि कानांतून कापसाचे बोळे काढले, दोन्ही कानांतून. लग्नानंतरच्या पहिल्या एक मेपासून ती दर वर्षी कापूस घालत आली आहे! म्हणाली, "मला तो धडधडाट कधीच सोसला नाही रे, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मग हा सगळा खटाटोप कशाला, मी चिडूनच विचारलं. तर म्हणाली, "ऐकायचा नव्हता. बघायचं होतं. तुम्ही लोक भांडणाशिवाय दुसऱ्या कशासाठी एका अंगणात येता का ते. गेर्नोट आला, फ्लोरियन आला." मग म्हणाली, "हेडी नाही आली." मी म्हटलं, तिची कंबर. ती म्हणाली, "तू बोलावलंस तिला?" मी तिची उशी नीट करू लागलो. ती आधीच नीट होती.

ता. क. दुसरा, ७ मे. हे पत्र टेबलावरच राहिलं. काल सकाळी एर्ना गेली. मी कॉफी करत होतो, तिला विचारलं, साखर घालू का, आणि उत्तर आलं नाही. फ्लोरियनने तुला सांगितलंच असेल, तो दलाच्या गाडीतून आला, माझ्या फोननंतर काही मिनिटांतच. गेर्नोट आल्यापासून इथेच आहे. आम्ही दोघांनी सबंध दिवसात राजकारणावर एक शब्द काढला नाही, आणि दुसरं काय बोलायचं ते आम्हाला येत नाही, म्हणून भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. घर फार मोठं आहे, ताई. मला हे माहीतच नव्हतं.

ता. क. तिसरा. खरं तर 'तू ये' एवढंच लिहायला बसलो होतो, चार तारखेपासून. शनिवारी दहा वाजता कारखान्याकडच्या स्मशानाच्या फाटकातून निघायचं आहे. दोन्ही बँड येणार आहेत, टोप्यांसकट, फुलांसकट, मी आता कशालाही नाही म्हणत नाही. तू ये. मागे तुमच्या शेतकरी बायकांच्या घोळक्यात उभी राहू नकोस, आणि फाटकातूनच परत फिरू नकोस. पुढच्या रांगेत डावीकडे गेर्नोट असेल, मधे मी. या गावातल्या प्रत्येक अंत्ययात्रेत माझ्या उजव्या हाताला एर्ना चालत आली. शनिवारी ती पुढे असेल, आणि ती जागा रिकामी ठेवून मला चालता येणार नाही.